लहानग्यांसाठी सौम्य

माझ्या लेकीला घरात सगळे गोटी म्हणतात. म्हणजे म्हणायचे. जन्मली तेव्हा गोल, गुळगुळीत, हातातून निसटेल अशी होती, म्हणून तिच्या बाबानेच ते नाव ठेवलं. पाचव्या वर्षी तिचे केस चकत्याचकत्यांनी जायला लागले, आणि नणंदबाईंनी फोनवरून फर्मान काढलं की यापुढे पोरीला गोटी म्हणायचं नाही, तिच्या मनावर परिणाम होईल. त्या दिवसापासून कोणी तिला राणी म्हणे, कोणी सोन्या, कोणी नुसतंच 'अगं'. तीन-चार दिवस तिने ऐकून घेतलं. मग एकदा जेवताना ताट पुढे सरकवून विचारलं, "गोटी कुठे गेली?"

"इथेच आहे की," मी म्हटलं.

"मग तिला हाक मारा ना."

फर्मान मागे घेतलं गेलं. केसांना मात्र कोणाचंच फर्मान लागू होत नव्हतं. सहा महिन्यांत कपाळावरचा एक झुपका आणि डाव्या कानामागची एक बट एवढंच उरलं. डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीत गोटीलाच समोर बसवून समजावलं होतं, की अंगात रोगाशी लढणारे शिपाई असतात आणि तुझे शिपाई चुकून तुझ्याच केसांना शत्रू समजतायत.

"ते वेडे आहेत का?"

"नाही गं, जरा जास्तच उत्साही आहेत."

"आमच्या शाळेत पण असे आहेत," गोटी म्हणाली.

उत्साह म्हणाल तर तो तिच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे होता. बाईंचं मन फार मोठं. त्यात कायम एखादी समिती बसलेली असते. गोटी टोपी घालून शाळेत येते हे त्यांनी पाहिलं, त्यांना रात्रभर झोप लागली नाही असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, आणि गुरुवारी घरोघर एक परिपत्रक आलं:

"शाळेतील एका बालिकेस केसांची अडचण असल्याने तिला एकटे वाटू नये, यासाठी पुढील शुक्रवारी सर्व विद्यार्थ्यांनी केस रंगवून यावे. बालिकेचे नाव गुप्त ठेवण्यात आले आहे. तिच्यासाठी पहिल्या रांगेत वेगळी खुर्ची राखीव राहील."

मी ते तीनदा वाचलं. पाय मोडलेल्या माणसाला धीर यावा म्हणून सगळ्यांनी त्याच्या खिडकीखालून पळायचं, तशातली गत. तावातावाने शाळेत जायचं मी ठरवलं होतं, चप्पलही पायात घातली होती. पण परिपत्रकावर सात रंगांचे केस असलेल्या मुलीचं चित्र होतं, आणि ते गोटीने आधीच पाहिलं होतं.

"मला निळे," ती म्हणाली.

"निळे म्हणजे कसे?"

"न्हाणीतल्या बादलीसारखे."

मी चप्पल काढली. सहा महिन्यांत तिने केसांबद्दल स्वतःहून काहीच मागितलं नव्हतं. रडलीही नव्हती. रडायचं काम मी न्हाणीत नळ सोडून उरकत होते. आता ती मागत होती, आणि जे मागत होती त्याला हात लावायची मला भीती वाटत होती. केस धुवायचे म्हटलं तरी मी आजचं उद्यावर ढकलायची. सकाळी ती उठायच्या आत मी उशीवरचे केस वेचून ठेवायची, जणू तिला ते माहीतच नव्हतं. त्या उरलेल्या बटेला रंग लावायचा, तिच्या उघड्या पडलेल्या कातडीला काही न होता लावायचा, आणि शुक्रवारच्या आत लावायचा.

सोमवारी कामावरून घरी आले तर सासूबाई हसत दारात उभ्या. हातात खोकं.

"बघ, शाळेतून आणलं मी, सगळ्यांना फुकट वाटतायत. निळाच आहे. तू उगीच डोकं शिणवत होतीस."

खोक्यावर झुबकेदार निळ्या शेपटीची एक खार होती, आणि खारीच्या पोटावर सोनेरी गोल शिक्का: 'लहानग्यांसाठी सौम्य'.

त्या शिक्क्यातले दोन्ही शब्द माझे होते.

मी एका छापखान्यात काम करते. आमच्याकडे खोकी आणि बाटल्यांची लेबलं छापतात. मजकूर मी लिहिते. आमच्या साहेबांचा एक नियम आहे. 'सुरक्षित' लिहायचं असेल तर कंपनीकडून चाचणीचा कागद मागवून फायलीला लावायचा. 'सौम्य'ला कागद लागत नाही. सौम्य म्हणजे नक्की काय हे कोणालाच माहीत नसल्यामुळे ते खोटं ठरवता येत नाही. कंपनीकडे कागद नव्हता आणि शिक्क्यात जागाही नव्हती, म्हणून गेल्या वर्षी मी हे दोन शब्द काढून दिले. साहेब खुर्चीतून उठून म्हणाले, "वा, वाचलं की खोकं कुशीत घ्यावंसं वाटतं." त्या दिवशी मी गुणगुणत घरी आले होते. लपवण्यात काय अर्थ आहे.

"आई, हे नको लावू या," मी म्हटलं.

"का? लिहिलंय की सौम्य. छापलंय."

सासूबाईंचा छापील शब्दावर फार विश्वास. बिस्किटाचा पुडासुद्धा आधी सगळ्या बाजूंनी वाचून मगच फोडतात.

"ते मी लिहिलंय."

"मग तर झालंच. घरचंच आहे."

"आई, मला लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं. आत काय आहे ते मला माहीत नाही."

त्यांनी खोकं जवळ धरून पाहिलं, मग लांब धरून पाहिलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकायला लागलं.

"माझं गुडघ्याचं तेल. 'सात दिवसांत फरक'."

मी पिशवी खाली ठेवली.

"तेही तूच?"

"हो."

"तीन वर्षं मी तो फरक शोधतेय."

"फरक पडतो असं लिहिलंय, आई. कसला ते लिहिलेलं नाही."

त्या धपकन खाली बसल्या. बसताना गुडघा वाजला. "एवढी वर्षं सुनेने केलेलं मुकाट्याने चोळत होते मी," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं आता दोन दिवसांचा अबोला. पण त्यांनी बाही वर केली. "लाव आधी मला. बघू तुझं सौम्य."

मी त्यांना लावू दिलं नाही. माझ्याच कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावला. गोटी शेजारी बसून पाहत होती. "आईला निळं होणार?" ती म्हणाली. जरा हेवाही वाटला असावा तिला.

मंगळवारी छापखान्यात गेल्यावर मी आधी फायलींचं कपाट उघडलं. छापलेल्या प्रत्येक खोक्याचा एक नमुना आणि एक फाइल आम्ही ठेवतो. खारीच्या फायलीत एकच कागद होता, आणि त्यावर खारीची शेपटी आणखी झुबकेदार करण्याबद्दल सूचना होत्या. मग मी केसांच्या रंगांच्या बाकीच्या फायली काढल्या. सगळ्यांत तळाशी एक फाइल होती, बोटभर जाड, नाडी बांधलेली. केसांना लावायच्या रंगीत खडूंची. खोकं मातकट रंगाचं, वर चित्र नाही, शिक्का नाही. नुसती घटकांची यादी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, चारही बाजूंनी. फायलीत चाचण्यांचे कागदच कागद.

साहेब मागून जाताना थबकले. "कशाला काढलीत ती? त्या कंपनीचं काही होणार नाही. एवढे कागद करायला वेळ मिळतो म्हणजे धंदा नाही त्यांच्याकडे."

तो खडू शोधायला मला चार दुकानं हिंडावी लागली. चौथ्या दुकानदाराने फडताळाच्या मागून काढून, फुंकर मारून दिला. "कोणी घेत नाही हो हा. वर काही लिहिलेलंच नाही."

"सगळं लिहिलंय," मी म्हटलं.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी भिंग घेऊन यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. इतकं मन लावून माझा मजकूर आजवर कोणी वाचला नव्हता. "चालेल," त्या म्हणाल्या. "पक्का रंग नाही यात. पण आधी कोपराला ठिपका लावून दोन दिवस बघा. लावायचं ते फक्त केसांच्या टोकांना, कातडीपासून दोन बोटं लांब. खसाखसा घासायचं नाही. नाकातोंडात भुकटी जाऊ द्यायची नाही. आणि त्याच दिवशी कोमट पाण्याने धुवून टाकायचं."

"धुताना केस हातात आले तर?"

"जे यायचे ते येणारच आहेत. तुमच्या धुण्याने नाही येत." हे त्या आधीही तीनदा म्हणाल्या होत्या. मी तिन्ही वेळा मान डोलावली होती.

घरी येऊन गोटीच्या कोपराला निळ्या खडूचा ठिपका लावला. आता आम्ही दोघी ठिपकेवाल्या झालो. फरक एवढाच की बुधवारी सकाळी तिचा ठिपका जसाच्या तसा होता आणि माझ्या ठिपक्याभोवती लालभडक कडं उठलं होतं. त्याला अशी काही खाज सुटली होती, की आमटीला फोडणी देताना मी कोपर दाराच्या चौकटीवर घासत होते.

तो हात घेऊन मी साहेबांपुढे उभी राहिले.

"खाज येते?" त्यांनी विचारलं.

"येते."

"तुम्हाला येते. खोक्यावर काय लिहिलंय? लहानग्यांसाठी. तुम्ही लहान आहात का?"

मी म्हटलं, "साहेब, शुक्रवारी माझ्या लेकीच्या शाळेतली सगळी पोरं हेच लावून येणार आहेत."

"छान की. जाहिरात होईल. आणि हे बघा, इथलं इथेच ठेवायचं. नोकरीला लागताना कागदावर सही केलीत ना? तो कागद मात्र आपण फायलीत जपून ठेवतो."

दुपारी अर्धी रजा टाकून शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत खारीची खोकी छतापर्यंत रचलेली होती. कंपनीने दोनशे खोकी फुकट पाठवली होती. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, कडं असलेलाच.

"तुम्ही काही बोलू नका. आई आहात, मी समजू शकते."

"बाई, हा रंग मुलांना लावू नका. त्याची काही तपासणी झालेली नाही."

"असं कसं? सौम्य लिहिलंय की."

"ते मी लिहिलंय."

"मग निदान तुमच्याकडून तरी शंका यायला नको होती."

मी बाही वर करून दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. "असं करा, लेखी द्या. समितीपुढे ठेवते."

"समिती कधी बसते?"

"पुढच्या सोमवारी."

"कार्यक्रम शुक्रवारी आहे."

"म्हणून तर. कार्यक्रमाच्या आठवड्यात समितीला श्वास घ्यायलाही फुरसत नसते."

मी लेखी दिलं. त्यावर पोच म्हणून शिक्का मिळाला. बाहेर फाटकापाशी दोन आया उभ्या होत्या, त्यांनाही सांगितलं. एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमचं दुःख कळतं हो आम्हाला. पण म्हणून आमच्या मुलांची हौस कशाला मोडायची?" दुसरी नुसतीच सहानुभूतीने हसली. त्यानंतर मी तोंड मिटलं. नोकरीची भीती होती हे खरंच, पण त्या हसण्याने ती भीती सोयीची झाली.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत गोटीचा कोपर स्वच्छ राहिला. शुक्रवारी सकाळी तिला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, खांद्यावर जुना पंचा टाकला. नाकातोंडात भुकटी जाऊ नये म्हणून ती गाल फुगवून श्वास रोखून बसली, मला दर दहा सेकंदांनी "आता सोड" म्हणावं लागत होतं. कानामागची बट मी दोन बोटांत धरली. किती मऊ असते ती. जावळ असताना होती तशीच. खडू टोकांवरून अलगद खाली ओढला, परत ओढला. सासूबाई न्हाणीतून बादली घेऊन आल्या आणि तिच्या डोक्याशेजारी धरून म्हणाल्या, "अजून जरा गडद हवं." मग कपाळावरचा झुपका. एक केस माझ्या बोटांना चिकटून आला. मी मूठ मिटायच्या आत तिने पाहिला.

"तो ठेव," ती म्हणाली. "तो पण निळा झालाय."

टोपी तिने मागे सरकवून घातली, म्हणजे झुपका आणि बट दिसावी. चालताना दर चार पावलांवर कानामागे हात लावून पाहत होती.

शाळेच्या सभागृहात मंचामागे दारापेक्षा उंच खार टांगलेली होती. पोटावरचे माझे दोन शब्द आता हातहातभर झाले होते. खाली लाल, जांभळी, केशरी डोकी. रंग वाळून सगळ्यांचे केस काड्यांसारखे ताठ उभे, आणि मधूनमधून कुठलं ना कुठलं डोकं कराकरा खाजवलं जात होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतःचे केस हिरवे केले होते. पहिल्या रांगेत फीत बांधलेली राखीव खुर्ची होती. गोटी तिच्याकडे ढुंकूनही न बघता मैत्रिणींत जमिनीवर जाऊन बसली. बाईंनी थोडा वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे हताशपणे पाहिलं आणि मग तिच्यावर आपली पर्स ठेवली.

समावेशकतेवर पाऊण तास भाषण झालं. त्यानंतर बाई म्हणाल्या, "आता ज्या बालिकेचं नाव आपण गुप्त ठेवलं आहे, तिच्या आई दोन शब्द बोलतील." आणि माझ्याकडे हात केला.

मी आभाराची चार वाक्यं तयार करून आणली होती. चांगली होती, कशालाच कागद लागला नसता. मंचावर चढून मी गोटीला शोधलं. ती शेजारच्या मुलीचं कपाळ वाकून बघत होती. त्या मुलीच्या केसांच्या कडेने लाल रेघ उठली होती, माझ्या कोपरावरच्यासारखीच, आणि ती न रडता दोन्ही हातांनी खाजवत होती. गोटी तिच्या कपाळावर फुंकर घालत होती.

मी बाही वर केली.

"मला खरोखर दोनच शब्द बोलायचेत," मी म्हटलं. "ते मागे लिहिलेले आहेत, आणि ते मीच लिहिले आहेत. त्यांना काही आधार नाही. सुरक्षित लिहायला चाचणी लागते, ती नव्हती, म्हणून सौम्य लिहिलं. हा माझा हात बघा. मुलांची डोकी आत्ताच्या आत्ता धुवा."

मला वाटलं परत कोणीतरी सहानुभूतीने हसणार. मग मागून एका बापाचा आवाज आला, "गरम पाण्याने की गार?"

"कोमट. नसेल तर गार. भरपूर. घासू नका."

"या विषयावर समितीने अजून," मुख्याध्यापिकाबाई माईकपाशी येत म्हणाल्या, पण त्यांचा एक हात हिरव्या केसांत गेला होता आणि तो काही केल्या बाहेर येईना. तोवर पहिली चार माणसं दाराकडे निघाली होती.

पटांगणात हात धुवायच्या नळांची लांबलचक रांग आहे. पाच मिनिटांत तिथे जत्रा लोटल्यासारखी गर्दी झाली. सासूबाईंनी कोणी न सांगता कारभार हातात घेतला. "मान खाली. डोळे मिटा. अहो, पोरगी आहे ती, भांडं नाही, हळू." सगळे रंग एकाच पन्हळीत उतरून पाणी चिखलाच्या रंगाचं झालं. मुलं मात्र आनंदाने बेभान. शाळेत, गणवेशात, खुद्द आईबापांच्या हाताने भिजायला कधी मिळतं? फाटकापाशी हसलेली बाई माझ्या शेजारून मुलाला ओढत गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचं डोकं नळाखाली धरल्यावर मात्र म्हणाली, "आधीच जरा जोरात सांगायचं होतंत."

बरोबर होतं तिचं.

शेवटी पटांगणभर ओली, काळीभोर डोकी झाली. आख्ख्या शाळेत रंगीत केस उरले होते ते एकाच डोक्यावर, जिथे मुळात केसच सगळ्यांत कमी होते. मी गोटीला शोधत गेले. माझ्या मनात होतं की तिला उचलून घ्यावं आणि सांगावं, बघ, तुझेच निळे राहिले.

ती रांगेत उभी होती. टोपी काढून काखेत धरलेली.

"गोटी, तुझा रंग चांगला आहे गं. तुला नाही धुवावं लागणार. संध्याकाळी घरी धुवू."

"मला इथे."

"अगं, पण केवढं मन लावून लावलाय आपण. बादलीसारखा झालाय."

"सगळे इथेच धुतायत," ती म्हणाली. सहा महिने मी तिच्यासाठी काय काय शोधत होते, आणि हिला हवी होती रांग.

तिचा नंबर आला. तिने टोपी माझ्या हातात दिली, दोन्ही हात नळाच्या कट्ट्यावर टेकले आणि मान खाली घातली. आजूबाजूला तीसेक माणसं. त्या चकत्या मी आजवर घराबाहेर कोणाला दिसू दिल्या नव्हत्या. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडलं. निळी धार तिच्या कानामागून निघून नाकाच्या शेंड्यावरून टपकली. ती खुदकन हसली. कपाळावर लाल रेघ असलेली तिची मैत्रीण पलीकडच्या नळावरून म्हणाली, "तुझं पाणी मस्त आहे. माझं घाण निघालं."

"माझा खडू आहे," गोटी पाण्यातूनच म्हणाली. "तुला देईन. आधी कोपराला लावायचा असतो पण."

माझ्या तळव्यावर पाच-सहा केस आले होते. पर्समध्ये फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजायला लागला. इतक्या चिकाटीने फक्त साहेबच फोन करतात.

"आई, थांबू नको ना," गोटी म्हणाली. "अजून."

मी दुसरी ओंजळ भरली.